शेफर्ड्स हटमध्ये दोघांनी दोन रात्री: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

शेफर्ड्स हट म्हणजे इंग्लंडच्या माळावरची चाकांची खोली. लांबी पंधरा-अठरा फूट, रुंदी सात-आठ फूट, वर कमानीसारखं वाकवलेलं नालीदार पत्र्याचं छप्पर, खाली ओतीव लोखंडाची चाकं आणि कोपऱ्यात लाकडावर चालणारा छोटा स्टोव्ह. आज तिथे जोडपी लग्नाचा वाढदिवस साजरा करतात. मुळात मात्र ती बांधली गेली मेंढपाळासाठी. मेंढ्या व्यायच्या दिवसांत रात्रभर कळपापाशी थांबायची त्याची सोय व्हावी, एवढाच हेतू. एकोणिसाव्या शतकात दक्षिण इंग्लंडच्या खडूच्या टेकड्यांवर अशा खोल्या घोडे जुंपून कळपामागे ओढत नेत. कळप कुठल्याही अंगाला असला तरी दिसावा म्हणून दोन्ही बाजूंना खिडक्या. दाराचे आडवे दोन भाग, म्हणजे वरचा उघडून बाहेर कान देता येतो. खाटेखाली पिंजरा, आईनं टाकलेली किंवा गारठलेली कोकरं ठेवायला. भिंतीवर औषधांचं छोटं कपाट.

दिवसा मेंढ्या टेकडीवर चरायच्या आणि रात्री त्यांना शेतात कोंडायचं, म्हणजे लेंडीखत आयतं पडतं. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे कोकणात उतरतात आणि शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतो, त्यातलाच हिशेब. फरक एवढाच की आपल्याकडे घोड्यावर बिऱ्हाड लादून अख्खं कुटुंब चालतं, तर तिथला मेंढपाळ त्या खोलीत हंगामभर एकटा.

एकट्या माणसासाठी बांधलेल्या खोलीत आता दोघांनी राहायचं, वरून म्हणायचं रोमँटिक! जमतं, छानच जमतं. पण खोली निवडताना फोटोंवर भाळायचं नाही. शौचालय, पलंग आणि स्टोव्ह या तीन गद्य गोष्टी नीट असल्या, की बाकीचं काव्य आपोआप येतं. त्या बिघडल्या तर खिडकीतून कितीही सुंदर दरी दिसो, दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांत अबोला ठरलेला.

मेंढ्यांची बाळंतपणं हळूहळू पक्क्या गोठ्यांत होऊ लागली तशा या खोल्या शेतांच्या कडेला गंजत पडल्या. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत त्यांना पुन्हा दिवस आले. ब्रिटनचे माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी २०१७ मध्ये आत्मचरित्र लिहायला म्हणून सुमारे २५,००० पौंडांची अशी एक हट घेऊन बागेत उभी केली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिचे भरपूर फोटो छापले. तुम्हाला ती विकत घ्यायची नाही, दोन रात्रींपुरती भाड्यानं घ्यायची आहे. त्याचा क्रम असा.

१. आधी महिना ठरवा, मग जागा

जूनमध्ये दक्षिण इंग्लंडात सूर्य सव्वानऊनंतर मावळतो. संध्याकाळ लांबच लांब, पण पुरता अंधार व्हायला अकरा वाजून जातात. चांदण्या बघायच्या बेतानं जूनमध्ये गेलात तर डोळे मिटू लागतील तरी आकाश उजळलेलंच. डिसेंबरात उलट: चारला सूर्य गेला, की पुढचे सहा तास तुम्ही, स्टोव्ह आणि पत्त्यांचा जोड. नवीन लग्न झालेल्यांना याचं काही वाटणार नाही, बाकीच्यांनी विचार करावा.

पहिल्या खेपेला माझी पसंती एप्रिलची अखेर ते मेचा मध्य. जंगलात झाडांखाली ब्लूबेलच्या फुलांची निळी जाजमं पसरलेली असतात, शेतांत कोकरं उड्या मारत असतात, आणि रात्री अजून इतकी थंडी असते की स्टोव्ह पेटवायला निमित्त लागत नाही. मेमध्येही पहाटे पारा पाच अंशांवर उतरू शकतो, हे मुंबई-पुण्याहून उन्हाळी सुट्टीला आलेल्यांनी लक्षात ठेवावं. दुसरी पसंती ऑक्टोबर. जुलै-ऑगस्ट मी टाळेन, कारण शाळांना सुट्ट्या, भाडी चढलेली, आणि अंगणात जॅम उघडला की गांधीलमाश्या पाहुण्या. बँक हॉलिडेचा, म्हणजे सार्वजनिक सुट्टीला जोडून आलेला, शनिवार-रविवार तर विसराच. रविवार ते गुरुवारमधल्या दोन रात्री मिळाल्या तर तीच हट बरीच स्वस्त पडते.

एका रात्रीसाठी मात्र जाऊ नका. पहिली संध्याकाळ सामान लावण्यात आणि स्टोव्ह समजून घेण्यात जाते, दुसऱ्या दिवशी दहा-अकराला खोली सोडायची असते. मग राहिलात कधी?

२. परगणा निवडणं

अशा हट आता ब्रिटनभर आहेत. कॉट्सवोल्ड्समध्ये दगडी खेडी देखणी, पण गर्दी आणि भाव दोन्ही चढे. वेल्सच्या सीमेवरचा हिअरफर्डशर आणि श्रॉपशर स्वस्त आणि निवांत. लंडनहून पटकन जायचं तर साउथ डाउन्स. तिथल्या लुईस स्टेशनला ट्रेन तासाभरात पोहोचवते. यॉर्कशर डेल्स भव्य खरं, पण वारा हाडं गोठवतो.

पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी डॉर्सेट सुचवेन. ही खोली जिथली, त्याच मातीत ती शोभते, हे एक कारण. दुसरं म्हणजे तिथे डोंगर, खेडी आणि समुद्र एका टप्प्यात येतात. लंडन वॉटर्लूहून डॉर्चेस्टर साउथला साधारण पावणेतीन तास लागतात. तिथून समुद्राकडे गेलात तर ज्युरासिक कोस्ट, म्हणजे २००१ पासून जागतिक वारसा यादीत असलेला किनारा, आणि त्यावरची डर्डल डोअर नावाची दगडी कमान. उत्तरेला गेलात तर सर्न अॅबस गाव. तिथल्या टेकडीवर गवत खरवडून, पांढऱ्या खडूत रेखलेला ५५ मीटर उंचीचा नग्न राक्षस आहे. हातात सोटा आणि बाकी सगळं अगदी स्पष्ट. मूल हवं असणारी जोडपी तिथे जायची, अशी लोकसमजूत आहे. सासूबाई सोबत असतील तर समोरच्या व्ह्यूपॉइंटवर गाडी थांबवायची की नाही, हे आधी ठरवून ठेवा.

डॉर्सेट हॉर्न ही इथली मेंढी. तिचं वैशिष्ट्य असं की ती वसंताची वाट न पाहता वर्षाच्या कुठल्याही ऋतूत विऊ शकते. इथले शेतकरी जुन्या काळी शरदातच कोकरं काढून नाताळच्या बाजाराला पाठवत. तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथल्या शेतात इवलंसं कोकरू दिसलं तर चकित होऊ नका.

चांदण्यांसाठीच जायचं असेल तर अधिकृत काळोखी आकाशाचे प्रदेश बघा. एक्समूर हा २०११ मध्ये मान्यता मिळालेला युरोपातला पहिला 'डार्क स्काय रिझर्व्ह'. काही भाग डॉर्सेटातच असलेल्या क्रॅनबर्न चेसला २०१९ मध्ये मिळाली. कॅलेंडर उघडून अमावास्येच्या आसपासच्या तारखा निवडा. घरात कालनिर्णय असेल तर हे काम अर्ध्या मिनिटाचं.

३. जाहिरात वाचायची कशी

गाडं अडतं ते इथेच, म्हणून जरा सविस्तर सांगते. कॅनपी अँड स्टार्स, एअरबीएनबी, बुकिंग डॉट कॉम यांवर शेकडो हट दिसतील. दोघांना एका रात्रीचे साधारण ९० ते १६० पौंड, बाहेर गरम पाण्याचा टब असेल तर त्याहून जास्त. फोटो सगळ्यांचे सारखेच: लोकरी पांघरूण, वाफाळता मग, पितळी दिवा. फरक खालच्या बारीक मजकुरात असतो.

पहिला प्रश्न शौचालयाचा. तीन प्रकार असतात. खोलीतच फ्लशचं शौचालय आणि शॉवर, हा राजेशाही प्रकार. शेताच्या कडेला किंवा जुन्या तबेल्यात स्वतंत्र न्हाणीघर, हा मधला. इथे विचारायचं की किती पावलांवर आहे आणि ते फक्त आपलं की शेजारच्या हटवाल्यांशी वाटून. तिसरा कंपोस्ट शौचालयाचा: फ्लश नाही, वापरल्यावर लाकडाचा भुसा टाकायचा. नीट सांभाळलेलं असेल तर वास येत नाही, खरंच येत नाही. पण त्यात पाणी ओतलेलं चालत नाही, आणि आपलं गणित तिथेच चुकतं. धुण्याची सवय असणाऱ्यांनी अशी जागा घेऊच नये किंवा ओले वाइप्स आणि झाकणाच्या डब्याची तयारी ठेवावी. वाइप्स त्या शौचालयात टाकायचे नाहीत. फ्लशचं असेल तर आपला नेहमीचा प्लास्टिकचा मग बॅगेत टाका. इंग्लंडात तो आयत्या वेळी शोधायला गेलात तर बागकामाच्या दुकानात झारी हातात घेऊन उभे राहाल.

दुसरा, पलंग. वर्णनात 'स्मॉल डबल' लिहिलं असेल तर रुंदी चार फूट, म्हणजे १२० सेंटिमीटर. 'डबल' म्हणजे साडेचार फूट. अनेक हटमध्ये पलंग खोलीच्या टोकाला, भिंतीपासून भिंतीपर्यंत आडवा बसवलेला असतो. आत झोपणाऱ्याला रात्री उठायचं झालं तर दुसऱ्याला ओलांडूनच यावं लागतं. शिवाय आडव्या पलंगाची लांबी खोलीच्या रुंदीइतकीच. तुमच्यापैकी कुणी सहा फुटांवर असेल तर यजमानाला आतलं माप विचारून घ्या, ते आनंदानं मोजून कळवतात.

तिसरा, ऊब. फक्त स्टोव्ह आहे की विजेचा छोटा हीटरही? थंडीच्या महिन्यांत दोन्ही असलेली घ्या. स्टोव्ह पहाटे विझतो आणि पाच वाजता उठून लाकडं कुणी लावायची, हा प्रश्न संसारात नव्यानं आणण्यात अर्थ नाही.

याखेरीज वीज. 'ऑफ-ग्रिड' म्हटलं की दिवे सौरऊर्जेवर, फोन चार्ज होईल तेवढा होईल, आणि केस वाळवायचं यंत्र चालणार नाही. काहींना यातच मजा येते. मात्र जोडीदाराला न सांगता ऑफ-ग्रिड हट बुक करून 'सरप्राइज' देऊ नका. सरप्राइज द्यायचंच असेल तर केकचं द्या.

एकांताचं काय? जाहिरातीत 'सिक्लुडेड' हा शब्द फार स्वस्त झालाय. नकाशाच्या अॅपमध्ये उपग्रहाचं चित्र उघडा आणि शेत बघा. एकाच कुरणात तीन-चार हट रांगेनं मांडलेल्या असतील तर तुमच्या शेकोटीवरचं बोलणं शेजाऱ्याला ऐकू जाणार. रस्ता किती जवळ, गोठा किती जवळ, हेही तिथेच कळतं. आणि परीक्षणं वाचताना पाच तारेवाली सोडून तीन तारेवाली आधी वाचा. कोंबडा, चिखल आणि बिछान्याबद्दलचं सत्य तिथेच असतं.

४. बुकिंग

शनिवार-रविवारी बहुतेक ठिकाणी किमान दोन रात्रींची अट असते. रद्द करण्याचे नियम हॉटेलांपेक्षा कडक, कारण यजमानाकडे भाड्याची ती एकच खोली. भारतातून पर्यटक व्हिसावर येणाऱ्यांनी व्हिसा हातात पडल्याशिवाय परतावा नसलेलं बुकिंग करू नये. पैसे भरल्यावर यजमानाला दोन ओळींचा निरोप पाठवा: किती वाजता पोहोचणार, शाकाहारी आहात का. अनेक यजमान स्वागताची टोपली ठेवतात, त्यात पाव, अंडी, दूध, केक, कधी बेकनही. आधी सांगितलं तर बेकनऐवजी चीज येतं.

५. तिथवर पोहोचणं

गाडी असेल तर सोपं. भारतीय परवान्यावर पर्यटकाला बारा महिने गाडी चालवता येते. इथे राहायला आलेल्यांनाही आल्यापासून बाराच महिने, नंतर ब्रिटिश परवाना लागतो. गाड्या डावीकडूनच चालतात, म्हणून आपल्याला तो ताण नाही. ताण येतो शेवटच्या तीन-चार मैलांत. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच कुंपणं आणि मध्ये एकच गाडी जाईल एवढा रस्ता. समोरून ट्रॅक्टर आला तर ज्याच्या मागे जवळ रुंद जागा असेल त्यानं मागे घ्यायचं, आणि जाताना हात वर करून आभार मानायचे. घाटात रिव्हर्स घेतलेल्यांना हे जमतं. बाकीच्यांनी उजेड असतानाच पोहोचावं. भाड्याची गाडी ऑटोमॅटिक हवी असेल तर आधी सांगावं लागतं आणि ती महाग पडते.

ट्रेननं जाणार असाल तर दोघांच्या नावाचं 'टू टुगेदर' रेलकार्ड काढा. दोघं एकत्र प्रवास करताना तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते, फक्त सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी चालत नाही. लांबच्या एक-दोन प्रवासांतच कार्डाचे पैसे वसूल. स्टेशनवरून पुढची टॅक्सी मात्र आधी ठरवून ठेवा. खेड्यातल्या स्टेशनाबाहेर रिक्षा उभ्या नसतात, आणि अॅपवरची टॅक्सी तिथे बहुधा 'गाडी उपलब्ध नाही' एवढंच सांगते.

यजमान पत्त्याऐवजी 'व्हॉट थ्री वर्ड्स' अॅपवरचे तीन शब्द पाठवतात, कारण पिनकोड अख्ख्या वस्तीचा असतो आणि हट एका शेतात. ते शब्द आणि नकाशा आधीच उतरवून घ्या, दरीत शिरल्यावर मोबाइलची रेंज जाते.

गाडीतळ ते हट हे शेवटचं अंतर बरेचदा चारचाकीचं नसतं. फाटकाशी एकचाकी ढकलगाडी ठेवलेली असते, बागकामाची. तिच्यात बॅगा रचायच्या आणि ओल्या गवतातून ढकलत न्यायच्या. कडक सुटकेस तिच्यातून घरंगळते, मऊ बॅग बसते. शिवाय हटमध्ये सुटकेस उघडायला जमीनच उरत नाही.

६. सामान

कपड्यांचे थर, एक जाड स्वेटर, पावसाचं जाकीट. छत्री घरीच ठेवा, टेकडीवरच्या वाऱ्यात ती उलटते. चिखलाचे गमबूट किंवा पाणी न शिरणारे बूट, आणि आत घालायला जाड मोजे, कारण बूट दारातच काढायचे असतात. डोक्यावर बांधायची बॅटरी प्रत्येकी एक. एकच आणली तर शौचालयाला गेलेला माणूस ती घेऊन जातो आणि दुसरा अंधारात.

मेणबत्त्या आणू नका. लाकडी खोलीत बहुतेक यजमान त्यांना मनाई करतात. गुलाबाच्या पाकळ्यांचा बेत असेल तर तोही सोडा. सात फुटांच्या खोलीत त्या दोन दिवस मोज्यांना चिकटत राहतात.

७. पहिला तास: स्टोव्ह

खोलीत शिरल्यावर फोटो काढायच्या आधी स्टोव्हकडे वळा. या स्टोव्हचं पोट लहान असतं. पेट्रोल पंपावर मिळणारी जाड लाकडं त्यात मावत नाहीत, म्हणून यजमानानं ठेवलेलीच वापरा. पहिली टोपली बहुधा भाड्यात असते, पुढची विकत. बाहेरून घ्यायचीच झाली तर पिशवीवर 'रेडी टू बर्न'ची खूण बघा. इंग्लंडात २०२१ पासून किरकोळ विकल्या जाणाऱ्या लाकडात २० टक्क्यांपेक्षा जास्त ओल चालत नाही. ओलं लाकूड धूर जास्त करतं आणि काच काळी.

हवेच्या झडपा पूर्ण उघडा. तळाशी दोन मध्यम ओंडके शेजारी शेजारी ठेवा. त्यावर बोटाएवढ्या काटक्या आडव्या-उभ्या, विटा रचाव्यात तशा, तीन-चार थर. सगळ्यात वर फायरलायटरचा, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या वडीचा, तुकडा. हो, वरच. आपल्या चुलीची सवय खालून पेटवायची, पण या स्टोव्हमध्ये वरून पेटवलं की धुराडं आधी तापतं आणि धूर खोलीत न येता वर खेचला जातो. काडी लावून दार अंगठ्याएवढं उघडं ठेवा. काटक्या धडधडून पेटल्या की दार लावा. दहा-पंधरा मिनिटांनी ज्वाळा ओंडक्यांपर्यंत पोहोचतात, मग झडप हळूहळू अर्ध्यावर आणा. ज्वाळा मंद, पिवळ्या आणि सुस्त झाल्या, काच धुरकटू लागली, तर हवा कमी पडतेय. झडप पुन्हा थोडी उघडा.

एवढीशी खोली अर्ध्या तासात इतकी तापते, की स्वेटर काढूनही घाम येतो. नवखे लोक इथेच चूक करतात आणि लाकडं भरत राहतात. एका वेळी एकच ओंडका पुरे. उकडलं की दाराचा वरचा भाग उघडा. झोपताना स्टोव्ह ठासून भरून झडपा गच्च बंद करू नका, आहे ते शांतपणे जळू द्या.

आता गंभीर गोष्ट. लाकूड अर्धवट जळलं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ही लक्षणं, आणि झोपेत असाल तर तीही कळत नाहीत. म्हणून प्रत्येक हटमध्ये त्याचा अलार्म हवा. गेल्या गेल्या त्याचं बटण दाबून वाजतो का बघा. वाजत नसेल तर यजमानाला लगेच बोलवा आणि तोवर स्टोव्ह पेटवू नका. बाहेरचं बार्बेक्यू किंवा निखाऱ्यांची शेगडी, विझल्यासारखी दिसली तरी, ऊब म्हणून आत आणायची नाही. पाऊस असला तरी नाही, 'पाचच मिनिटं' म्हणूनही नाही. अलार्म वाजला तर दार उघडून आधी बाहेर पडा, मग फोन.

गरम पाण्याचा टब लाकडावर चालणारा असेल तर तो तापायला दोन ते चार तास लागतात. सात वाजता बसायचं तर चारलाच पेटवा, आणि आधी पाणी भरलंय याची खात्री करून. आत उतरण्यापूर्वी आंघोळ करायची, साबणाचा फेस करायचा नाही.

८. जेवण

गॅसच्या एक-दोन शेगड्या, एक भांडं, एक तवा, एवढंच बहुतेक ठिकाणी मिळतं. घरून करून न्यावं असं: धपाटे, कोरडी चटणी, भाजलेल्या रव्याचं उपम्याचं मिश्रण, मेतकूट. पहिल्या रात्री गुरगुट्या भात, मेतकूट आणि तूप, बाहेर पत्र्यावर पाऊस, यापुढे पबमधलं जेवण फिकं. भारतातून थेट येणाऱ्यांनी तूप, पेढे असे दुधाचे पदार्थ आणू नयेत, विमानतळावर ते चालत नाहीत. तूप इथल्या मोठ्या सुपरमार्केटांत मिळतं.

फोडणी मात्र आत करू नका. मोहरी तडतडून मिरची पडली, की खोकला दोघांना आणि धुराचा अलार्म अख्ख्या शेताला. शिवाय तो वास लोकरी पांघरुणात बसतो आणि पुढच्या पाहुण्यांपर्यंत पोहोचतो. बाहेर शेकोटीची लोखंडी जाळी असते, त्यावर करा.

दुधापावासाठी जवळचं फार्म शॉप. रस्त्याकडेला फळीवर अंड्यांचे खोके आणि शेजारी पैशांचा डबा दिसेल. माणूस नसतो. किंमत वाचायची, नाणी टाकायची, म्हणून पाच-दहा पौंडांची चिल्लर बाळगा. पबमध्ये जाणार असाल तर टेबल आधी राखून ठेवा. स्वयंपाकघर साधारण नऊला बंद होतं आणि सोमवारी बऱ्याच ठिकाणी उघडतच नाही. साडेनऊला आरामात पोहोचलात तर बटाट्याच्या वेफर्सचं पाकीट हेच रात्रीचं जेवण. परतताना गावाबाहेरच्या रस्त्याला फुटपाथ नसतो, तेव्हा उजव्या कडेनं, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चालायचं, बॅटरी लावून.

९. दिवसभर

चाला. दुसरं काही करायची गरज नाही. इंग्लंडात लोकांच्या खाजगी शेतांमधून सार्वजनिक पायवाटा जातात आणि त्यांवरून चालायचा हक्क कुणालाही आहे. पिवळा बाण म्हणजे फक्त चालणाऱ्यांची वाट, निळा म्हणजे घोडे आणि सायकलीही. वाट सोडून शेतात शिरायचं नाही. फाटक उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद करून पुढे जायचं. ऑर्डनन्स सर्व्हेचा नारिंगी पुठ्ठ्याचा एक्सप्लोरर नकाशा घ्या, त्यात प्रत्येक कुंपण दाखवलेलं असतं.

गाई वासरांसह असतील तर मधून जाऊ नका, लांबून वळसा घाला. एकटं दिसणारं कोकरू उचलू नका, आई जवळच असते आणि ती बघत असते. पण एखादी मेंढी पाठीवर पडून चारही पाय हवेत झाडत असेल, तर ती खेळत नाहीये. लोकरीच्या किंवा पोटातल्या कोकरांच्या भारानं तिला उलटता येत नाही, आणि तशीच राहिली तर काही तासांत मरू शकते. शेतकरी दिसला तर हाक मारा. नाही तर तिच्या कुशीची लोकर दोन्ही हातांनी घट्ट धरून तिला एका अंगावर वळवा, आणि पाय स्थिर होईपर्यंत मिनिटभर धरून ठेवा. लगेच सोडली तर पुन्हा कलंडते. नंतर ती आभार न मानता पळून जाते.

ओल्या खडूवरून पाय सटकतो, उतारावर जपून. उंच गवतातून आल्यावर पायांवर गोचीड चिकटलीय का ते एकमेकांचं बघा. असेल तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. पुढच्या काही आठवड्यांत तिथे पसरत जाणारं लाल वर्तुळ दिसलं तर डॉक्टरला दाखवा. दुखणं जिवावरचं नसेल तर १११ ला फोन, जिवावर बेतलं तर ९९९ ला.

१०. निघताना

राख झाडूनं काढून पिशवीत भरू नका. वरून थंड वाटली तरी आत निखारा असतो. लोखंडी बादली दिलेली असते तिच्यातच टाका, किंवा तशीच सोडा. कित्येक यजमानांना तेच हवं असतं, भिंतीवरच्या सूचना वाचा. भांडी धुऊन, कचरा वेगवेगळ्या डब्यांत. पांघरुणांच्या घड्या घातल्या नाहीत तरी चालतं.

परीक्षण लिहाल तेव्हा पलंगाची रुंदी, शौचालयाचा प्रकार आणि पहाटे खोली किती गार झाली, हे लिहा. सूर्यास्ताचं वर्णन बाकीच्यांनी केलेलंच असतं.